दुखवट्याच्या घरी हॅलोवीन

हॅलोवीन हा सण आहे की श्राद्ध, यावर सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या घरात चांगली आठवडाभर चर्चा झाली. चर्चा म्हणजे सासरे बोलत होते, माझी आठ वर्षांची मुलगी फाटे फोडत होती आणि मी हातात डाव घेऊन "बाबा, आधी जेवून घ्या" म्हणत होते. नवरा नेहमीप्रमाणे बोटीवर. तो मरीन इंजिनियर आहे. घरात काही ठरवायची वेळ आली की त्याची बोट बरोब्बर भर समुद्रात असते आणि फोनला रेंज नसते. मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे ओळखलं होतं.

वादाचं मूळ असं की त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळा साली, चैत्रात माझ्या सासूबाई गेल्या. चिंचवडला, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. बाबा एकटे पडले म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना सिंगापूरला आणलं. ते आले तो नेमका इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना. फुटपाथवर उदबत्त्या, संत्री, भाताच्या वाट्या मांडलेल्या. पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जळतायत. मैदानात मांडव घालून गाण्यांचा कार्यक्रम, आणि पहिली रांग मोकळी, कारण तिथे भुतं बसतात. बाबा हात मागे बांधून हे सगळं बघून आले आणि म्हणाले, "समंजस लोक आहेत गं इथले. गेलेल्या माणसाला पुढची खुर्ची देतात."

आता आमच्याकडची पद्धत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. दिवाळीला कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही, नवे कपडे नाहीत. पण पोरंबाळं तोंड बारीक करून बसू नयेत म्हणून शेजारचे, नात्यातले आपल्या घरचा फराळ घेऊन येतात. डबा देतात, जरा टेकतात, "कशा होत्या हो त्या" म्हणून चार शब्द बोलतात आणि उठतात. त्यांना परत काही द्यायचं नसतं आणि त्यांच्याकडे तोंडानं मागायचंही नसतं. आपणहून आला तरच तो फराळ.

सासूबाईंना शेजारच्या डब्यांत भारी रस. दिवाळीच्या दुपारी त्या सगळे डबे ओळीनं मांडायच्या आणि प्रत्येकातलं चिमूटभर तोंडात टाकून, डोळे मिटून निकाल द्यायच्या. "हात चांगला आहे, पण मोहन जास्त झालंय." हे सगळ्यात वरचे मार्क. 'पण' लागल्याशिवाय त्यांच्या हातून कुणी पास झालेलं मी तरी पाहिलं नाही. माझ्या पहिल्या चकल्यांना तर "पण"च्या आधीचं वाक्यच मिळालं नव्हतं. बाबांचं काम समोर बसून नापास झालेलं सगळं खायचं आणि मान डोलवायची.

तर वसुबारसेपासून बाबा दाराकडे तोंड करून बसायला लागले. हॉलमधली खुर्ची त्यांनी स्वतः फिरवून घेतली. संध्याकाळ झाली की दाराबाहेर चपलांच्या कपाटावर एक पणती लावायचे. मी म्हटलं, "बाबा, यंदा पणत्या नाहीत ना?" तर म्हणाले, "ही रोषणाईची नाही. येणाऱ्याला घर सापडायला नको का?" आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, येणाऱ्याला गेटवरचा सिक्युरिटीवाला नाव, नंबर, फ्लॅट सगळं विचारून मगच सोडतो. पणतीच्या उजेडात वाट शोधत येणारं कोण असणार! मी तेलाची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली.

धनत्रयोदशी गेली, नरक चतुर्दशी गेली, लक्ष्मीपूजन गेलं. बेल वाजली ती एकदाच, एसी दुरुस्तीवाल्याची, तोही चुकून आमच्याकडे आला होता. बाबा लगबगीनं उठून दारात गेले आणि त्याच्या हातातल्या पेटीकडे बघत राहिले.  त्यांना चकल्या नको होत्या हो. आपली बायको गेली, हे या एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत एका तरी माणसानं दारात येऊन म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मराठी माणसं नव्हती असं नाही. बिशानला, तोआ पायोहला आमच्या ओळखीची चांगली पाच-सात घरं. पण सिंगापुरात आता घरी फराळ करतं कोण? सगळ्या मिळून एका बाईंकडे ऑर्डर देतात. त्यातल्या एकीचा मला दिवाळीआधी फोन आला, आवाज एकदम मऊ. "अगं, तुमच्याकडे यंदा नाही ना, तेव्हा तुझी ऑर्डर आम्ही धरली नाही हं. म्हटलं, बरं दिसत नाही." म्हणजे दुखवट्याच्या घरी करायचं नसतं, हा अर्धा नियम बाईसाहेबांना चोख पाठ. न्यायचं असतं, हा उरलेला अर्धा बहुतेक सामानात वजन जास्त झालं म्हणून पुण्यालाच राहिला. मी "थँक्यू हं" म्हटलं आणि फोन ठेवून सिंकमधली भांडी आपटून आपटून घासली.

एकदा वाटलं, लिटल इंडियातून चिवडा आणावा, आपल्याच डब्यात भरावा आणि शेजारणीनं दिला म्हणून सांगावं. पण त्या चिवड्यात बेदाणे असतात. बाबांनी एका घासात ओळखलं असतं.

हॅलोवीनचं माझ्या मुलीनं काढलं होतं ते वसुबारसेच्याही आधीच. एकतीस ऑक्टोबरला काँडोतली सगळी मुलं भुतांचे कपडे घालून घरोघर चॉकलेटं मागत फिरणार होती. आणि त्या वर्षी एकतीस ऑक्टोबरला आला पाडवा. बाबांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "वर्षभर सण नाही."

"बट आजोबा, इट्स नॉट अवर फेस्टिव्हल लाह," ती इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली. "आपला नाही, तर बंद कसा?"

बाबा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. नियमावर कुणी नियमानं हरकत घेतली की त्यांना आनंद लपवता येत नाही. "मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला, माझा जुना टॅब मागून घेतला आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच कशात तरी डोकं घातलं.

त्यानंतर जेवताना रोज हॅलोवीन. "वस्तुस्थिती अशी आहे," ते सुरू करायचे, "की हे मूळचं आयर्लंडकडचं. सुगी संपली, थंडी सुरू झाली की एका रात्री गेलेली माणसं घरी येतात, असं तिथले जुने लोक मानायचे. त्यांच्यासाठी दारात खायला ठेवायचे. आता गेलेल्यांबरोबर नको ती मंडळीही घुसणार. त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून मुखवटे."

"म्हणजे कॉस्च्यूम्स," मुलगी.

"कॉस्च्यूम्स. मग चर्च आलं. चर्चनं बघितलं, लोक काही हे सोडत नाहीत, तेव्हा त्यालाच आपल्या संतांचा दिवस जोडून दिला. हुशार लोक. मग गोरगरीब, पोरंटोरं त्या दिवशी दारोदार जायचे, लोक त्यांना छोटे गोड केक द्यायचे, आणि केक खाणाऱ्यानं त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. आहे की नाही? आपण ब्राह्मण जेवायला घालतो, त्यांनी पोरं जेवायला घातली."

"अँड पम्पकिन?"

"आधी सलगम कोरायचे. अमेरिकेत गेल्यावर भोपळा मिळाला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. पुढे दुकानदारांच्या हातात गेलं आणि आता तुझ्या टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये प्लॅस्टिकचा मिळतो." यावर बाबांनी ताक प्यायलं आणि मी मनात म्हटलं, दुकानदारांच्या हातात गेलेल्या सणांची यादी करायची तर आपणही काही मागे नाही.

काँडोच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा वेगळीच धुमश्चक्री चालली होती. नियमानं चर्चला जाणाऱ्या एक बाई म्हणत होत्या, हे सैतानाचं काम आहे, आमची बेल वाजवू नका. एक चिनी आजोबा नातवाकडून लिहून घेत होते, की आत्ताच तर महिनाभर भुतांना जेवू घालून वाटेला लावलं, त्यांना परत कशाला बोलावता? एक मलय कुटुंब नम्रपणे म्हणालं, आमच्यात हे नाही, पण मुलं आलीच तर बिस्किटं देऊ. आणि आपल्या मराठी ग्रुपवर "हे आपल्या संस्कृतीत बसत नाही" असा लांबलचक मेसेज आला. पाठवणारीनं संध्याकाळी आपल्या मुलाचा रक्तपिपासू सैतानाच्या वेषातला फोटो टाकला, त्याला सगळ्यांनी बदाम पाठवले. मीही पाठवला, उगाच वाईटपणा कशाला!

शेवटी बाबांनी निर्णय दिला. "हा सण नव्हे. ही त्यांची सर्वपित्री आहे. दुखवट्याच्या घराला श्राद्धाची बंदी नाही. पोरीनं जावं. पण एक अट. ज्या घरी खाऊ मिळेल, त्या घरच्या गेलेल्यांसाठी दोन शब्द म्हणायचे. नाहीतर फुकट खाल्ल्यासारखं होईल."

"ओके," ती म्हणाली. चॉकलेटासाठी ती गीतेचा अध्यायसुद्धा म्हणाली असती.

तिला भूत व्हायचं होतं. पांढरी चादर पाहिजे. आमच्या घरात पांढरी चादर नाही. सासूबाईंनी मागच्या खेपेला आणलेली जुनी सोलापुरी चादर होती, मरून रंगाची, चौकड्यांची, एका कडेनं विरलेली. मी तिला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली. एवढं जाडजूड, घामानं थबथबलेलं भूत सिंगापुरात दुसरं नसेल. पण ती खूश. खाली मुलांनी विचारलं, हे कुठलं भूत? ती म्हणाली, "सोलापूर घोस्ट. व्हेरी डेंजरस."

पाडवा सोमवारी होता. मी ऑफिसमधून येऊन लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बाबा खुर्चीत, दाराकडे तोंड. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. माझा नवरा भर समुद्रात, त्यांची बायको भिंतीवर, फोटोत.  बाबांनी पणतीत तेल जरा जास्त घातलं.

आणि बेल वाजली. बाबा इतक्या घाईनं उठले की खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. दार उघडलं तर "ट्रिक ऑर ट्रीट!" असा कल्ला. एक सांगाडा, एक चेटकीण, एक कोळी चिकटवलेला छोटा आणि मागे आमचं सोलापुरी भूत. आमच्या मजल्यावरच्या बाकीच्या दारांवर कागदी भोपळे होते. खरी ज्योत फक्त आमच्या दारात, तेव्हा इथे भारी काहीतरी मिळणार, असं पोरांनी ठरवलं होतं. आमच्या भुतानं "नॉट माय हाऊस, नॉट माय हाऊस" म्हणून अडवायचा प्रयत्न केला म्हणे, पण चादरीतून आवाज कुठला यायला!

बाबा मुलांच्या डोक्यांवरून मागे बघत होते. डबा घेतलेलं मोठं माणूस कुणीतरी असेल म्हणून. कुणी नव्हतं. समोर चार भोपळ्याच्या प्लॅस्टिक बादल्या पुढे केलेल्या. घरात तर कढई चढलेली नाही. चॉकलेट आणायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाबा ताठ उभे राहिले आणि ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. नो फेस्टिव्हल धिस इयर. माय वाइफ एक्स्पायर्ड."

 मग कोळीवाला छोटा सांगाड्याच्या कानात म्हणाला, "अ‍ॅक्टिंग इज इट?" त्याचं काय चुकलं? त्या रात्री दारोदारी मेल्याचीच नाटकं चालली होती.

सोलापुरी भुतानं चादर डोक्यावरून ओढून काढली. लाल झालेलं तोंड, केस चिकटलेले. "नॉट अ‍ॅक्टिंग लाह! माय आजी!"

सांगाडा म्हणजे वरच्या मजल्यावरची चिनी मुलगी, आमचीपेक्षा वर्षभरानं मोठी. तिनं बाबांकडे नीट बघितलं. "माय आह-मा ऑल्सो," ती म्हणाली. "दॅट इयर वी ऑल्सो नो न्यू इयर. नो रेड ड्रेस, नो व्हिजिटिंग." म्हणजे आजी गेली त्या साली त्यांनीही नवं वर्ष केलं नव्हतं. लाल कपडे नाहीत, कुणाकडे जाणं नाही. मग तिनं आपल्या बादलीत हात घातला, एक मोठं चॉकलेट काढलं आणि दोन्ही हातांनी बाबांच्या पुढे धरलं. "फॉर युवर वाइफ, अंकल."

बाबांनी ओंजळ पुढे केली. चेटकिणीनं एक टाकलं. कोळीवाल्यानं बराच वेळ शोधून सगळ्यात लहान आंबट गोळी निवडली, पण टाकली. आमच्या भुतानंही टाकलं. मी टेबलावरून उठून आले होते. मला वाटलं, आता हे रडणार.

रडले नाहीत. "थांबा," असं चक्क मराठीत त्या पोरांना सांगून ते स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा घेऊन आले. दुखवट्याच्या घरानं परत काही द्यायचं नसतं, हे खरं. पण आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, हा सासूबाईंचा नियम दुखवट्याच्याही वरचा. बादल्या काही रिकाम्या नव्हत्या, ओसंडून वाहत होत्या. पण आपल्या दारातून भांडं चाललंय ना! मी "अहो बाबा" म्हणेपर्यंत त्यांनी प्रत्येक बादलीत चमचाभर साखर घातली.

जेवणं होतायत तोवर फोन टुणटुणायला लागला. काँडोचा ग्रुप. "माझ्या मुलाच्या बादलीत पांढरी पावडर निघाली आहे. आणखी कुणाच्या?" मग फोटो. मग दुसऱ्या बादलीचा फोटो. आता, ज्या देशात विमानातून उतरण्याआधीच हातातल्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, की अमली पदार्थ आणाल तर फाशी, त्या देशात माझ्या सासऱ्यांनी मुलांना घरोघर पांढरी पावडर वाटली होती!  माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला कामाचा परवाना, नवऱ्याची नोकरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कुणी म्हणे पोलिसांना कळवा. कुणी म्हणे चाटू नका. चर्चवाल्या बाई म्हणाल्या, मी सांगत होते. आणि आणखी एकीनं लिहिलं, "चौकड्यांचं ब्लँकेट घातलेल्या एका मुलीनं चॉकलेट घेतल्यावर 'तुमची मेलेली माणसं खूश राहोत' असं म्हटलं. ती कुठल्या फ्लॅटची?"

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"साखर आवडली म्हणतायत," मी म्हटलं.

मग बाल्कनीत जाऊन लिहायला बसले. आधी रागारागानं लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच लिहिलं, की ती साखर आहे, आमच्याच घरची आहे. माझ्या सासूबाई यंदा गेल्या. आमच्यात अशा घरी शेजारी काहीतरी गोड घेऊन येतात. आज तुमच्या मुलांनी माझ्या सासऱ्यांना आपल्यातलं चॉकलेट दिलं, आणि आम्ही कुणाचं भांडं रिकामं पाठवत नाही. ब्लँकेटवाली माझी मुलगी, तिनं जे म्हटलं ते मनापासून म्हटलं. पाठवलं आणि फोन पालथा घातला. बऱ्याच वेळानं बघितला तर खाली नुसती जोडलेल्या हातांची चित्रं आली होती, एकाखाली एक. चर्चवाल्या बाईंचंसुद्धा. चित्र पाठवायला काय जातं, मी म्हटलं. मला अजून राग होताच.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संध्याकाळी बाबांनी पणती लावली नाही. म्हणाले, "राहू दे आता." खुर्चीही त्यांनी टीव्हीकडे फिरवली. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच मुलीवर ओरडले.

तेवढ्यात बेल. सांगाड्याची आई, ऑफिसच्या कपड्यांत, हातात झाकणाचा डबा. आत अननसाचं सारण भरलेल्या छोट्या छोट्या टार्ट. खरं तर या आम्ही नव्या वर्षाला करतो, ती म्हणाली, पण काल तुझं वाचलं आणि रात्री करायला घेतल्या. रेसिपी माझ्या सासूबाईंची. त्या गेल्या, त्या साली आमच्या घरी कुणीच आलं नव्हतं.

बाबांनी दोन्ही हातांनी डबा घेतला. तिला खुर्ची दिली. ती टेकली आणि फोटोकडे बघत तिनं इंग्रजीत विचारलं, "अंकल, कशा होत्या त्या?"

   बाबांनी डब्यातली एक टार्ट उचलली, तिचा एवढासा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सहा महिने न आलेलं सगळं, ते त्यांनी पुसलंही नाही. आणि हुबेहूब सासूबाईंच्या सुरात ते म्हणाले, "हात चांगला आहे. पण मोहन जास्त झालंय."

माझी मुलगी "आजी!" म्हणून खुदकन हसली आणि मला रडू आवरेना. ती बिचारी बाई घाबरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काय म्हणाले? आवडलं नाही का त्यांना?"

"तुम्ही विचारलंत ना, कशा होत्या," मी म्हटलं. "अशा होत्या."

बाबांनी उरलेली टार्ट संपवली आणि दुसरी उचलली.